कर्करोग : एका पेशीची स्वैर वाटचाल



ज्या शाळेने मला घडविले, तिने मला सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. मात्र या बहुमानाबरोबर मनात एक संकोचही आहे. तो आरंभीच सांगून टाकणे बरे.

आठवीत असताना सरांनी आम्हांला प्रथम सूक्ष्मदर्शक दाखविला. शाळेत तो एकच होता आणि वापर झाला की सर तो स्वतः पुसून कपाटात ठेवीत. काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा एक थेंब आणि मागे चाळीस मुलांची रांग. माझी पाळी आली तेव्हा मला विटांच्या भिंतीसारखी रचना दिसली. सर म्हणाले, "बघ, एकही वीट रांग सोडून गेलेली नाही. ती का जात नाही, ते मोठा झालास की शोध." पुढे मुंबईच्या प्रयोगशाळांत मी जे आयुष्य घालविले, ते याच प्रश्नाच्या एका कोपऱ्यात घालविले.

दुसरी आठवण सांगताना जीभ अडखळते. सरांना तंबाखूची सवय होती. मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेच्या मागे जात, चंची उघडून तळहातावर तंबाखू-चुना मळीत आणि मुलांकडे पाठ करून दाढेखाली धरीत. चंची रिकामी झाली की कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणण्याचे काम माझ्याकडे असे. सरांनी मलाच सांगितले याचा मला अभिमान वाटे.

पुढे मी मुंबईत संशोधन करीत होतो. सुट्टीत बेळगावला आलो की सरांकडे जाण्याचा परिपाठ होता. अशाच एका भेटीत काकूंनी पोहे आणले. सरांनी आपली बशी बाजूला सारली. "तोंड आलं आहे रे. तिखट सोसत नाही. तीन महिने झाले," ते म्हणाले. मी रोज ज्या पेशी काचेच्या बशीत वाढवीत होतो, त्या नेमक्या कोणत्या रोगाच्या होत्या हे मला ठाऊक होते. माझ्या मनात शंका आली. परंतु ज्या माणसासमोर आपण मान वर करून बोललो नाही, त्याला 'सर, तोंड उघडून दाखवा' असे म्हणण्याचे धारिष्ट्य मला झाले नाही. आठ महिन्यांनी सर मुंबईला उपचारासाठी आले, तेव्हा त्यांच्या मानेत सुपारीएवढी गाठ होती. त्यानंतर फार दिवस उरले नव्हते.

हे सांगावे की नाही, असे मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "सांग. लपवून ह्यांना काय मिळालं?" त्यांच्या अनुमतीने आज मी बोलणार आहे. गालाच्या आतील एक पेशी रांग का सोडते, ती मानेपर्यंत कशी पोहोचते आणि त्या वाटेवर तिला कोठे अडविता येते, एवढाच माझा विषय आहे.

शिस्त कोठून येते?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. प्रत्येकीने केव्हा दुभंगावे, केव्हा थांबावे आणि केव्हा मरावे, याच्या सूचना केंद्रकातील डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरांत लिहिलेल्या असतात. अक्षरे चारच आहेत. पेशी दुभंगते तेव्हा हा सबंध ग्रंथ नव्याने उतरवून काढावा लागतो. कोणताही लेखनिक चुकतो, तशी पेशीही चुकते. पण तिच्याजवळ मुद्रितशोधकही आहेत. बहुतेक चुका लगेच दुरुस्त होतात. ज्या राहून जातात, त्यांना आपण उत्परिवर्तन म्हणतो.

कर्करोग हा बाहेरून आलेला शत्रू आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीला एक मोठा धक्का १९७६ साली बसला. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांना अर्बुद देणारा एक विषाणू दाखवून दिला होता. त्या विषाणूमधील अर्बुद घडविणारे जनुक मुळात आले कोठून, याचा शोध हॅरॉल्ड व्हार्मस आणि मायकेल बिशप यांनी घेतला. ते जनुक निरोगी पक्ष्यांच्या पेशींतच सापडले. विषाणूने ते पूर्वी कधीतरी तेथूनच उचलले होते! याचा अर्थ असा की, बिघडल्यास कर्करोग घडवू शकतील अशी जनुके आपल्या प्रत्येक पेशीत असतातच आणि सुस्थितीत असताना ती आपली नित्य सेवा करीत असतात. या शोधाला १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेग वाढविणारे आणि वेग रोखणारे

ही जनुके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखा. 'रास' नावाचे प्रथिन याचे उत्तम उदाहरण आहे. बाहेरून 'वाढ' अशी सूचना आली की हे प्रथिन क्षणभर चालू होते, निरोप आत पोहोचविते आणि आपोआप बंद होते. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातील एका पेशीवंशात या जनुकाचे वाचन झाले, तेव्हा निरोगी व रोगट जनुकांत फरक आढळला तो अवघ्या एका अक्षराचा. त्या एका अक्षराने प्रथिनाच्या साखळीतील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आले आणि प्रथिनाला बंद होणे जमेनासे झाले. दारावरची घंटा दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहावी, तसे हे आहे. बाहेर कोणी नाही. पण घरात घंटा वाजतेच आहे.

दुसरा प्रकार ब्रेकसारखा, म्हणजे अर्बुदरोधक जनुकांचा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि दुसरी वडिलांकडून. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, ब्रेक पूर्ण निकामी होण्यास दोन आघात लागतात. जी मुले एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात, त्यांना एकच आघात पुरतो. म्हणून त्यांना रोग लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो.

या ब्रेकांमध्ये सर्वांत ख्यातनाम आहे पी-५३. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले. पण ते रोगाला रोखणारे आहे हे उमगण्यास आणखी दहा वर्षे गेली. डीएनएला इजा झाली की पी-५३ पेशीला थांबविते आणि दुरुस्तीला अवधी देते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर ते पेशीला मरण्याचा आदेश देते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्या रोगांत हा पहारेकरी बिघडलेला आढळतो.

तंबाखूची पुडी आणि डीएनएची अक्षरे

आता त्या पुडीकडे वळतो. निपाणी आपल्यापासून दूर नाही. तंबाखूवर आणि विडीवर या भागातील सहस्रावधी कुटुंबांची चूल पेटली आहे. रास्त भावासाठी १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा तंबाखूविषयी येथे बोलताना मी ते हलकेपणाने बोलत नाही.

तंबाखूचे पान वाळविताना व मुरविताना त्यातील निकोटीन आणि तत्सम द्रव्यांपासून नायट्रोसमाइन वर्गातील रसायने तयार होतात. म्हणजे विडी पेटवली नाही, नुसता बार दाढेखाली धरला, तरी ही रसायने लाळेत उतरतात. चुन्याने तोंडातील क्षारता वाढते व निकोटीन अधिक झपाट्याने रक्तात शिरते. म्हणूनच चुना मळल्याशिवाय तंबाखूला 'किक' येत नाही, असे खाणारे सांगतात. निकोटीन सवय जडवते आणि त्याच्या सोबतीने आलेली नायट्रोसमाइने डीएनएवर घाव घालतात.

हे रसायन पेशीत शिरले की पेशीची विकरे ते शरीराबाहेर टाकण्यासाठी त्यात बदल करू लागतात. दुर्दैव असे की, या खटाटोपातच ते अधिक तिखट बनते आणि डीएनएतील ग्वानीन या अक्षराला चिकटते. चिकटलेले अक्षर नक्कल उतरविताना वेगळेच वाचले जाते आणि चूक कायमची होते. एका बारामध्ये काही होत नाही. पण रोज सहा वेळा, तीस वर्षे, गालाच्या त्याच जागी? तेथे चुकांवर चुका साठत जातात.

भारतात होणारा तोंडाचा कर्करोग पुष्कळदा गाल आणि हिरडी यांमधील खाचेत होतो, कारण बार तेथेच धरला जातो. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञांनी नेमक्या याच कर्करोगाच्या जनुकांचे वाचन करून २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांत बिघडलेले पी-५३ होते, 'रास' कुटुंबातील जनुक होते आणि पेशीला मरण देणाऱ्या यंत्रणेतील कॅस्पेझ-८ हे जनुकही होते. १९८२ साली मूत्राशयात जे अडकलेले बटण दिसले होते, त्याच जनुकातील बिघाड आपल्याकडील माणसांच्या गालांतही आढळला.

मरण नाकारणारी पेशी

निरोगी पेशीला आपले मरण ठाऊक असते. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखविले की, काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशी साधारण पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो. सूत उसवू नये म्हणून उपरण्याच्या दशांना गाठी मारतात, तसा त्याचा उपयोग. प्रत्येक विभाजनात तो थोडा झिजतो आणि पुरता झिजला की पेशी थांबते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८४ मध्ये ही टोके पुन्हा बांधून देणारे टेलोमरेज हे विकर शोधले. प्रौढ शरीरातील बहुतेक पेशींत ते निद्रिस्त असते. बहुसंख्य कर्करोगांत ते जागे होते आणि पेशीला अखंड दुभंगण्याची मुभा मिळते.

गणिताची आवड असलेल्यांनी हिशेब करून पाहावा. एक पेशी तीस वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींचा आकडा ओलांडला जातो. ढोबळमानाने एक सेंटिमीटरची गाठ ती एवढ्याच पेशींची. म्हणजे ज्या दिवशी गाठ बोटाला लागते, त्या दिवशी तिचा बराचसा प्रवास होऊन गेलेला असतो. शिवाय प्रत्यक्षात अनेक पेशी वाटेत मरतात. म्हणून या प्रवासाला वर्षानुवर्षे लागतात.

या काळात त्या पेशी एकसारख्या राहत नाहीत. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले की, अर्बुदात उत्क्रांतीच चाललेली असते. नवनव्या चुका होतात आणि ज्या पेशीला एखाद्या चुकीचा लाभ होतो तिचा वंश वाढतो. औषधाने गाठ वितळते आणि काही काळाने पुन्हा उभी राहते, याचे एक मोठे कारण हेच. औषधाला न जुमानणारी थोडीशी प्रजा आधीपासूनच तेथे असू शकते.

गाठीचा प्रपंच आणि स्थलांतर

वाढत्या वस्तीला पाणी लागते, तसे वाढत्या गाठीला रक्त लागते. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये प्रतिपादन केले की, स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळविल्याशिवाय गाठ एकदोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही. गुदमरू लागलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि शेजारच्या वाहिन्यांना फांद्या फुटून त्या गाठीकडे येतात. जखम भरताना शरीर हेच करते. फक्त जखम भरली की ते थांबते. फोकमन यांच्या या विचाराची पुष्कळ वर्षे उपेक्षा झाली. त्यावर आधारलेले पहिले औषध अमेरिकेत २००४ साली मान्य झाले.

येथवर गाठ आपल्या जागीच आहे. कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. ते तिच्या स्थलांतरामुळे होतात. सरांच्या त्या विटेने रांग सोडण्याचा क्षण तो हाच.

त्वचेच्या आणि गालाच्या अस्तराच्या पेशी ई-कॅधेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. कर्करोगाच्या काही पेशी हा हात सोडतात. आपला चौकोनी आकार टाकून त्या लांबट होतात आणि हालचाल करू लागतात. ही करामतही त्यांनी नव्याने शोधलेली नाही. आईच्या पोटात गर्भ आकार घेतो, तेव्हा पेशींना अशाच रीतीने एका जागेहून दुसऱ्या जागी जावे लागते. गर्भावस्थेतील तो विसरलेला पाठ या पेशी पुन्हा उघडतात. त्यानंतर प्रथिने कापणारी विकरे सोडून त्या अस्तराखालचा पडदा फाडतात आणि रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरतात.

प्रवाहात पडलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. काही रक्ताच्या ओघात फाटतात, काहींना शरीराची प्रतिकारशक्ती गाठते. अगदी थोड्या दूर कोठेतरी रुजतात. त्या कोठे रुजतात, हाही योगायोग नव्हे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनांच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. काही विशिष्ट अवयवांतच रोग वारंवार पसरलेला त्यांना दिसला. त्यांनी बी आणि जमीन यांची उपमा दिली. बी वारा नेईल तिकडे जाते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते. शेतकऱ्यांच्या या प्रदेशात ही उपमा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

गालातून निघालेल्या पेशींचा पहिला मुक्काम बहुधा मानेतील लसीकाग्रंथींत असतो. सरांच्या मानेतील ती सुपारीएवढी गाठ म्हणजे हाच मुक्काम होता. ही वाट ओळखूनच टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी एक प्रश्न विचारला. तोंडातील रोग अगदी आरंभीचा असेल आणि मानेत काही लागत नसेल, तरी त्याच शस्त्रक्रियेत मानेतील ग्रंथी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे? २०१५ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहिलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते. मुंबईत झालेल्या या चाचणीची दखल जगभरच्या शल्यविशारदांनी घेतली.

यंत्रणा कळल्याने काय साधले?

विद्यार्थी विचारतील, की एवढे कळून रुग्णाला काय मिळाले? याचे उजळ उदाहरण म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. १९६० मध्ये त्यात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखविले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. या जोडणीतून सदैव चालू राहणारे एक प्रथिन तयार होते. नेमक्या त्याच्या खाचेत बसणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली मान्य झाले आणि ज्या रोगात माणसे काही वर्षांत दगावत, त्यात ती गोळी घेऊन दीर्घकाळ जगू लागली. 'रास' प्रथिनाला मात्र हात लावता येईना. त्याच्या एका बदललेल्या रूपावरील पहिले औषध २०२१ मध्ये आले, म्हणजे जनुक वाचल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी. रुग्णाच्याच प्रतिकारक पेशींना शिकवून रोगावर सोडण्याची उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाली व भारतात २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली.

या परंपरेत आपल्या माणसांचाही वाटा आहे. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उचलली. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याबरोबर काम करीत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा भारतात उभी केली. सभागृहात बसलेल्या मुलींनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे.

समारोप

मित्रहो, या सर्व विवेचनातून मला एकच गोष्ट आपल्या हाती द्यावयाची आहे. कर्करोग एका रात्रीत होत नाही. एक बटण अडकावे लागते, दोन ब्रेक तुटावे लागतात, मरण टळावे लागते, रक्त मिळवावे लागते आणि हात सोडावा लागतो. या पायऱ्यांना वर्षे लागतात आणि ती सर्व वर्षे आपल्याला मिळालेली संधी असते. मूळ गाठ सोडून पेशी निघाल्यानंतर जे लाखो रुपयांच्या औषधाने साधेल न साधेल, ते पहिल्या पायऱ्यांवर एका विजेरीने साधू शकते.

मी हे अलंकारिक बोलत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. तिकडे आपल्या मराठी मुलखात, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. रोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच केलेली चाचणीही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे तेथे २००९ मध्ये दिसून आले.

तेव्हा घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा आणि तोंडात प्रकाश पाडून पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटे आत न जातील इतके आखडलेले तोंड, मानेत लागणारी गाठ, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडे जा. असा प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, बहुतेक नसतात. पण ते ठरविण्याचे काम भीतीवर किंवा भिडेवर सोडू नका. आणि ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांनी 'आता सोडून काय होणार' असे म्हणू नये. सवय सुटली की नवे घाव थांबतात आणि धोका वर्षागणिक उतरत जातो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला वडीलधाऱ्यांचा आदर करण्यास या शाळेत शिकविले जाते. मलाही शिकविले होते. त्या आदरापोटीच मी त्या दिवशी पोह्यांची बशी हातात घेऊन गप्प बसलो. तुमच्या घरी आजोबा, काका किंवा वडील 'तोंड आलं आहे' असे म्हणत असतील, तर किती दिवस झाले ते विचारा आणि त्यांना तोंड उघडावयास सांगा. ते रागावतील. रागावू द्यात.

सर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आज बरेचसे ठाऊक आहे. ते तुम्हांला वेळेवर सांगितले नाही, याची ही कबुली आहे.